कूलरमधली बाळंतीण

माझ्या सासरी अंड्याचं नाव घ्यायचीसुद्धा पद्धत नाही. केक आणायचा झाला तर नवरा आधी खोक्यावरचा हिरवा ठिपका शोधतो, मगच पाकीट काढतो. सासूबाईंना मी घरातल्या कानडी रिवाजाप्रमाणे अत्ती म्हणते. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय त्या सकाळी चहाचा घोटही घेत नाहीत. माझं माहेर मात्र मोहोळ तालुक्यातलं, शेतकऱ्याचं. आमच्या अंगणात पोरांपेक्षा कोंबड्या जास्त होत्या आणि लाडही त्यांचेच जास्त व्हायचे. कॉलेजात ओळख झाली, लग्न आमचं आम्ही ठरवलं, आणि या घरात येताना अंडं-मटण मी गावच्या वेशीवर ठेवून आले. त्याचं मला कधी फार दुःख झालं नाही. अशा या घरात कोंबडी आणली ती मीच.

आई गेली त्या हिवाळ्यातली गोष्ट. आई गावाकडं एकटी राहायची. माझा धाकटा भाऊ पोरांच्या शाळेसाठी मोहोळात खोल्या करून राहतो. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि दारातल्या कोंबड्यांचं काय करायचं असा प्रश्न आला. भावजयीनं त्या शेजारपाजारी वाटून टाकल्या. एक काळी तलंग तेवढी राहिली. अजून अंड्यावर न आलेली, अंगानं कोवळी. ती आईच्या बाजेखाली शिरून बसली होती आणि कुणाच्या हाताला लागत नव्हती. मी वाकून हात घातला तर गप्प उचलू दिलं. भाऊ घर बंद करायला दारात उभा होता. ‘ही मी नेते,’ म्हटलं. त्यानं खुंटीवरची पिशवी काढून दिली. पिशवीतून डोकं बाहेर काढून ती एसटीत माझ्या मांडीवर बसून सोलापूरला आली.

त्यानंतर भावाचं आणि माझं बोलणंच थांबलं. भांडण अजिबात नव्हतं. आजवर त्याची खबर मला आई द्यायची आणि माझी त्याला. आता मध्ये कुणी नव्हतं, आणि फोन लावून बोलायचं काय ते दोघांनाही सुचत नव्हतं. मला माहेर उरलंय की नाही, हे विचारायचं तरी कुणाला? दळण आणायला जाताना, भाकरी थापताना हा प्रश्न मध्येच वर यायचा आणि मी तो पिठाबरोबर मळून टाकायची.

कोंबडी घेऊन आले तेव्हा अत्ती ओट्यावर शेंगा सोलत होत्या.

“काय गं त्यात?”

“कोंबडी.”

“कुनाची?”

“आईची.”

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग म्हणाल्या, “घरातनं नगं आनूस. बोळातनं मागं ने.” एवढ्यावर परवानगी मिळाली.

आमचं घर कुंभारी रस्त्याला आहे, मागं हातभर मोकळी जागा. गच्चीवर गंजत पडलेला लोखंडी कूलर मी खाली उतरवला. मोटार काढली, पंखा काढला, वाळ्याच्या जाळ्या फेकल्या आणि तिन्ही बाजूंनी बारीक तारेची जाळी आवळून बांधली. सोलापूरच्या उन्हात माणसाला गार ठेवणाऱ्या खोक्यात कोंबडी सुखानं राहील, असा माझा हिशेब. तो बरोबर निघाला. कोंबडी पाळायला फार काही लागतही नाही. जाळीतून मांजराचा पंजा शिरता कामा नये, संध्याकाळी कडी लावायला विसरू नये आणि सावलीत पाणी असावं. बाकीचं तिचं ती बघते. राखेत लोळते, किडे वेचते, आणि तुम्ही जपून लावलेल्या बेलाच्या रोपाखालची माती उकरून तुमचं डोकं फिरवते.

उन्हाळा सरत आला तेव्हा तिनं पहिलं अंडं दिलं आणि साऱ्या गल्लीला ओरडून सांगितलं. मी ते घेऊन शेजारी निघाले, तर अत्ती मागच्या दारात उभ्या.

“कुटं?”

“शेजारी देते. पोरं खातील.”

“तिच्या पोटचं हाय ते. जीव हाय की त्यात. ठिव तितंच.”

ज्या घरात जीव म्हणून अंडं खात नाहीत, तिथलाच हा न्याय. ठेवलं. दुसरं आलं, तेही ठेवलं. भुशाच्या घमेल्यात अंडी साठत गेली आणि एक दिवस ती त्यांच्यावर बसली ती उठेचना. पिसं फुलवलेली, डोळे तारवटलेले, हात नेला की गुरगुरणं. खुडूक झाली होती.

अत्तींचा आनंद बघण्यासारखा होता. त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची कूलरपाशी नेली आणि माळ तिथं बसून ओढायला लागल्या. गल्लीतल्या बायकांना सांगून झालं, अक्कलकोटच्या बहिणीला फोनवर कानडीत सांगून झालं. मी मात्र त्यांची नजर चुकवायला लागले. कारण आमच्या गल्लीत काय, सगळ्या सोसायटीत एकसुद्धा कोंबडा नव्हता. कोंबड्याशिवाय कोंबडी अंडी देते, पण ती पोकळ. त्यांतून पिल्लू निघत नाही. आमच्या गावात हे शेंबड्या पोराला माहीत असतं. पण ज्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या अंड्याकडं बघितलंच नाही, त्या घराला हे कुठून माहीत असणार? आणि चार लेकरांच्या आईला, तेही स्वतःच्या सासूला, कोंबड्याचं काम काय असतं हे मी समजावून सांगायचं कोणत्या तोंडानं? नवऱ्याला म्हटलं, तुम्ही सांगा. “माझी आई आहे ती,” म्हणाला आणि पेपरात तोंड खुपसलं.

आठवडा गेला. कोंबडी दाण्यालाही उठेना. तुरा फिकट पडला, उचलली तर हाताला हाडं लागायला लागली. आईच्या घरातलं एवढंच माझ्याकडं होतं, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत पोकळ अंड्यांवर झिजून चाललं होतं. शेवटी मी मनाचा हिय्या केला.

“अत्ती, आपल्याकडं कोंबडा न्हाय.”

“कशाला पायजे? पहाटं वरडायला?”

“तसं न्हाय. कोंबड्याबिगर पिल्लं व्हत न्हाईत.”

त्यांनी माझ्याकडं कीव केल्यासारखं बघितलं. “गाय गाभण राहिल्याबिगर दूध देती का?”

“न्हाय.”

“मग कोंबडी अंडं कशी देईल? दिलंय म्हंजे झालंय की सगळं!”

मग भिंतीकडं बघत, जन्मात कधी बोलले नव्हते इतकं आडवळणाचं बोलून मी त्यांना कोंबडीची रीत समजावली. अत्तींनी ऐकून घेतलं. हळूहळू पदर तोंडाला गेला आणि त्या अशा हसायला लागल्या की खुर्ची हलायला लागली. मीही हसले, सुटल्यासारखी. हसता हसता त्यांची नजर कूलरकडं गेली आणि हसू थांबलं.

“मग ही उगंच बसलीया?”

“व्हय.”

“तिला ठावं न्हाय?”

“न्हाय.”

त्यांनी माळ कमरेला खोचली. मग उठल्या. “तुझ्या आईचं एवडंच हाय गं हितं. ते रिकामं न्हाय बसू द्यायचं. कोंबडावाली कोन हाय ते सांग, जाऊ.”

मी एकटी जाऊन आले असते. पण त्या ऐकेनात. कुंभारीच्या कामगार वसाहतीत एका बाईकडं कोंबडा आहे हे मला ठाऊक होतं. रिक्षा करून गेलो. अत्तींच्या कपाळावरची विभूती, गळ्यातलं लिंग बघून ती बाई बिचकलीच. चाचरत म्हणाली, “काकू, अंडी खायाला पायजेत का?”

“बसवायला,” अत्ती म्हणाल्या. नातीचं लग्न सांगावं तसा थाट.

बाईनं एकेक अंडं उन्हाकडं धरून बघून दिलं. पिशवीत धक्का बसेल म्हणून अत्तींनी पदर पसरला, त्यात ती सगळी घेतली आणि रिक्षात दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांनी अंड्याला हात लावला होता. रिक्षावाल्याला दटावलं, “गरवार बाई बसलीया असं समजून चालव रं!” घरी आल्यावर मात्र डोक्यावरून आंघोळ केली, लुगडं बदललं, लिंगाची पूजा पुन्हा पहिल्यापासून केली. नियम म्हणजे नियम. मला त्यांच्याबद्दल त्या दिवशी फार फार माया वाटली.

दिवेलागणीला मी कोंबडीच्या पोटाखालची पोकळ अंडी काढून घेतली आणि ही सरकवली. तिनं कुरकुर केली, चोचीनं एकेक ओढून घेतलं आणि अंग पसरलं. आता तिला आणखी तीन आठवडे बसायचं होतं, आधीच दमलेल्या जिवानं. मी रोज तिला उचलून खाली ठेवायची. अत्ती भिजवलेली ज्वारी तळहातावर घेऊन समोर बसायच्या. “खा गं बाई, खा,” म्हणायच्या, मध्येच कानडीत काहीतरी पुटपुटायच्या. ती चार दाणे टिपायची आणि पळत परत अंड्यांवर. रोज सकाळी मागचं दार उघडताना मला भीती वाटायची, आज ही मान टाकून पडलेली असेल. आईला मी शेवटचं तसंच बघितलं होतं.

आषाढातली सकाळ होती. आत पूजा चालली होती आणि मागून बारीक चिवचिव ऐकू आली. त्या दिवशी अत्तींची पूजा लवकर आटोपली असं मी म्हणणार नाही, महादेवालाच ठाऊक. दोन अंडी तशीच राहिली, बाकीची फुटली. काळी, तांबडी, एक राखाडी. कोंबडी नुसती सापळा झाली होती, पण पंख पसरून अशी बसली होती की जवळ जायची कुणाची हिंमत होऊ नये. अत्तींनी लांबूनच विभूतीचं बोट तिच्या दिशेनं ओवाळलं. मग माझ्याकडं वळल्या.

“माहेरी कळवलंस का?”

“कुनाच्या?”

“बाळंतिणीच्या. आपल्यात बाळंत झाली की आदी माहेरी सांगावा जातो. लाव नंबर.”

मी लावला. भावानं उचलला तसा अत्तींनी फोन माझ्याकडून काढून घेतला. “पाव्हणं, तुमच्या घरची काळी कोंबडी बाळंत झाली. पिल्लं खुशाल हायती. बघायला यावा.” तो एवढंच म्हणाला, “येतो मावशी.”

रविवारी मोटारसायकल दारात थांबली. मागं आईचं मोठं डालं बांधलेलं होतं, पिल्लांवर पालथं घालायचं वेताचं टोपलं, आणि पुढं ज्वारीच्या कण्यांची पिशवी. बाळंतिणीला माहेरचं काहीतरी न्यायचं असतं, ते त्यानं आणलं होतं. त्यानं डालं उतरवलं आणि कूलरपुढं उकिडवा बसला. आईसारखीच जीभ टाळूला लावून त्यानं हाक दिली तशी काळीनं मान वर केली. त्यानं बाहीनं डोळे पुसले, लपवायचं काही बघितलं नाही.

“डालं पायजे म्हणून दार उगडलं, आक्का,” तो म्हणाला. “न्हाईतर हिंमतच व्हत न्हवती. आत गेलो, मग तसंच कसं ठिवायचं? झाडून काडलं, सारवलं. आईची बाज बाहीर उनाला टाकली.” आणि मग अत्तींकडं बघून, जरा अदबीनं, “मावशी, पंचमीला आक्काला न्यायला येतो. मोहोळात न्हाय, गावातल्या घरीच.”

“चार दिस ठिवून घ्या,” अत्ती म्हणाल्या. “कोंबड्या मी बगते. तू चहा टाक गं, पाव्हणं कवाचं बसल्यात.”

मी आत आले. पातेल्यात पाणी घेतलं, साखर टाकली, चहाची पत्ती टाकली. मला माहेर आहे, मला माहेर आहे, एवढंच मनात चाललं होतं. किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. अत्ती आत आल्या, पातेल्याखाली बघितलं, गॅस पेटवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून तिथंच उभ्या राहिल्या.