बांधलेल्या गावाच्या शिवेवर

तुमची आत्या, माझी लेक, राज्याच्या गुंतवणूक खात्यात आहे. परदेशी कारखानदारांना आपल्याकडे बोलवायचं, जमीन दाखवायची, वीज-पाण्याची हमी द्यायची, हे तिचं काम. त्या श्रावणात असेच एक परदेशी पाहुणे आले, बरोबर त्यांची बायको होती. तिच्याशी इंग्रजीत बोलायला कोणी हवं म्हणून आत्याने मलाही भिलाईहून गाडीत घेतलं. संध्याकाळी ते शेजारच्या राज्यात जाणार होते, तिथलीही जमीन बघायला. आपली आज दिसली नाही, तर कारखाना तिकडेच जाणार होता.

उतईच्या पुढे ज्या गावची जमीन दाखवायची होती, त्याच्या शिवेवर रस्त्यात बांबू आडवा टाकलेला होता. बाजूला म्हातारी मंडळी बसलेली.

"आज गांव बंधाय हे, नोनी," एक जण आत्याला म्हणाला. नोनी म्हणजे पोरी.

श्रावणातल्या रविवारी बैगा, म्हणजे गावचा पुजारी, रोगराई येऊ नये म्हणून गाव बांधतो. मग दिवसभर बाहेरचं कोणी आत येत नाही, आतलं कोणी कामाला जात नाही. आत्या भिलाईच्या टाउनशिपमध्ये वाढलेली, तिला हे ठाऊक नव्हतं. तिने सगळ्या कचेऱ्यांना विचारलं होतं, गावाला नाही.

"कलेक्टर ऑफिस ले परमिशन हे, बबा."

"बने हे. त कलेक्टर के गांव म चल दे!" बरं आहे, मग कलेक्टरच्याच गावात जा, म्हणत म्हातारे हसले.

तिने रायपूरला साहेबांना फोन लावला. ते ओरडत होते ते मलाही ऐकू आलं: पोलीस बोलवा, बांबू हटवा.

"आई, काय करू?" फोन ठेवून तिने मला विचारलं.

"पोलिसानं बांबू हटन. मंग याच लोकायसंग काम कराचं हाय ना तुले?" मी म्हटलं.

पाहुणे घड्याळ बघत होते. आत्याने त्यांना खरं ते सांगितलं: गाव बांधलंय, आज आत जाता येणार नाही. त्यांच्या मांडीवर खात्याचं चकचकीत माहितीपत्रक होतं. वर्षभर अखंड मनुष्यबळ, असं त्यात ठळक छापलेलं. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "कारखाना झाला, तर या दिवशी हे लोक कामावर येतील?"

"नाही येणार," आत्या म्हणाली.

त्यांनी माहितीपत्रक मिटलं. गाडी वळली. थेट विमानतळाला गेली.

पुढे कित्येक दिवस आत्या ताटावर बसायची आणि चिवडून उठायची. ऑफिसात साहेब टोमणे मारायचे, "पाहुणे कुठे गेले, बैगालाच विचारा."

मग एका सकाळी पाहुण्यांचा मेल आला. पुन्हा येतो, गावाला कोणता दिवस चालेल ते आधी विचारून कळवा.

साहेबांना फोन करायच्या आधी तिने स्कूटी काढली.

"जेवून तरी जाय!" मी म्हटलं.

"आल्यावर," ती फाटकातून ओरडली, आणि उतईच्या रस्त्याला लागली.