आर्या खरं बोलली आणि मी तिच्यावरच डाफरले

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

माझी आर्या तिसरीत आहे. शाळेने मुलांना बगरू गावी नेऊन लाकडी ठशांची कापडावरची छपाई दाखवली आणि घरून एक रुमाल छापून आणायला सांगितला. तिच्या रुमालावर रंग पसरला. काल ती खेळायला गेल्यावर मी गुपचूप दुसरा छापला आणि तोच दप्तरात ठेवला.

आज शाळेत सगळ्या पालकांसमोर मॅडमनी नेमका तोच रुमाल कौतुकाने उचलून दाखवला. आर्या उभी राहिली. "मॅम, ये मेरा नहीं है. मम्मी ने बनाया है."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाहेर येताच मी तिच्यावर डाफरले, "गप्प बसता येत नव्हतं?"

"मतलब, खोटं बोलायचं होतं का?"

आम्ही खातीपुऱ्याला घरी आलो. जेवताना मी कशीबशी म्हणाले, "माझं चुकलं गं."

ती म्हणाली, "मग मला शिकव ना, रंग पसरू नये म्हणून काय करायचं?"

खरंतर मी आधीच एवढंच करायला हवं होतं! खरं सांगा, मुलांच्या हातातलं काम तुम्हीही असं काढून घेता का?