पाच मुठींचे रोट

धुळ्यात, पांझरा नदीपलीकडे देवपुरात, माझ्या थोरल्या भावाचे घर आहे. त्या घराची बेल दाबली की ती आत वाजते आणि त्याच वेळी पुण्याच्या कडेच्या एका उपनगरात थोरल्या पुतण्याच्या फोनवरही वाजते. बहुतेक वेळा तोच आधी बोलतो. दाराशेजारच्या लहानशा डबीतून आवाज येतो, काका, या, आई मागच्या अंगणात आहे, सांगतो तिला. मी जळगावहून एसटीने पारोळ्यामार्गे आलेलो असतो, पिशवी हातात असते आणि माझे स्वागत पुण्याहून होते.

भावाला घरात सगळे आबा म्हणतात. मीही म्हणतो. आबा शिक्षक होते. कॉलनीतली बाकीची माणसेही तशीच, शाळा, बँक, जिल्हा परिषद यांतून निवृत्त झालेली. प्रत्येक घरातली मुले पुण्यात किंवा बंगळुरात कॉम्प्युटरवर काम करतात आणि प्रत्येक घर तिथून चालवले जाते. आबांच्या गच्चीवरची टाकी भरली की मोटर पुण्याहून बंद होते. किराणा पुण्याहून मागवला जातो आणि देवपुरातल्याच दुकानातून येतो. आबांच्या मनगटावरचे घड्याळ त्यांची झोप मोजते, दंडावरच्या चकतीवरून रक्तातली साखर टिपते आणि काही कमीजास्त झाले तर मुलाचा फोन येतो. समोरचे नाना, तेही निवृत्त शिक्षक, मला एकदा फाटकात म्हणाले, "तुमच्या आबांकडे चोर आला ना, तर आधी पुण्याला फोन करून विचारेल, कपाटाची चावी कुठाय." नानांच्या दारावरही तशीच डबी आहे.

मी जळगावच्या एका दैनिकात डेस्कवर होतो. अशा कॉलन्यांवरचे वृत्तांत वर्षातून एकदोनदा येत. मी ते तपासून लावत असे. त्यातल्या माणसांना काय हवे असते, हे त्या वृत्तांतात कधी नेमके आलेले नव्हते. वहिनींना काय हवे होते, ते मात्र नेमके सांगता येते. दोन्ही मुले कानबाईच्या मुठीत राहायला हवी होती.

कानबाई ही आमची खानदेशातली देवी, ती श्रावणात बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून तिची स्थापना होते आणि सोमवारी ती नदीवर जाते. आदल्या दिवशी रोटांसाठी गहू मोजतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. सुनांची, मुलींची मूठ घेत नाहीत. माझ्या मुलीने लहानपणी याचे कारण विचारले होते. वहिनींनी तिला गहू निवडायला बसवले. त्या गव्हाच्या पिठाच्या पुरणपोळ्या होतात, त्यांनाच रोट म्हणायचे. ते पीठ पौर्णिमेच्या आत संपवायचे आणि घरच्यांनीच खायचे. भाऊबंद चालतात, बाहेरचा माणूस चालत नाही. एरवी वहिनींच्या दारातून कुणी उपाशी गेलेला मी पाहिला नाही. या दिवसांत मात्र त्या शेजारच्या मुलालाही पोळीचा तुकडा देत नाहीत, वेगळी बिस्किटे देतात.

आणखी एक नियम आहे. मूठ कमी होते ती फक्त माणूस गेल्यावर. वडील गेले त्या वर्षी गहू मोजताना वहिनींचा हात सवयीने डब्यात गेला, थांबला आणि रिकामा वर आला.  आमच्या घरात मृत्यूची नोंद खऱ्या अर्थाने त्या दिवशी झाली, असे मला तेव्हा वाटले होते.

त्यानंतर मुठी पाच राहिल्या. आबा, मी, दोन पुतणे आणि थोरल्याचा मुलगा.

सुरुवातीची काही वर्षे पुतणे येत. मग एक येई, एक नाही. नंतर दोघांनीही टॅबवरून दर्शन घ्यायला सुरुवात केली. हा टॅब थोरल्याने स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी भिंतीला लावून दिला आहे. वहिनींनी आरतीचे तबक त्याच्यासमोर धरायचे, पलीकडून मुले काचेवर हात फिरवून कपाळाला लावायची. गहू मात्र पाच मुठीच. म्हणजे न आलेल्या तिघांचे रोटही आबा, वहिनी आणि मी मिळून खायचो. आबांना साखरेचा आजार आहे. पौर्णिमेपर्यंत ते रोज दोन वेळा दुसऱ्यांच्या वाटणीचे खात आणि घड्याळ पुण्याला कळवत असे. मग थोरला टॅबवरून रागवायचा. आबा म्हणायचे, "तुझंच खातोय रे. येऊन खाऊन जा, माझी साखर उतरेल."

गेल्या वर्षी थोरल्यानेच तोडगा काढला. रोट ट्रॅव्हल्सच्या बसने पाठवून द्या, आम्ही इकडे खातो, असे तो म्हणाला. वहिनींना ते पटायला दोन दिवस लागले. रोट आमच्या घरातून कधी बाहेर गेले नव्हते. पण खाणारे घरचेच होते, तेव्हा नियम मोडत नव्हता. त्यांनी तिघांच्या वाटणीचे पीठ वेगळे मळले, पोळ्या केल्या, मलमलच्या फडक्यात बांधल्या, स्टीलच्या डब्यात घातल्या. डब्यावर त्यांनी काही लिहिले नाही. तो पोचवायला मी रिक्षाने गेलो होतो. त्या आठवड्यात वहिनींचा चेहरा बराच मोकळा होता, हे नमूद करायला हवे.

पुढे काय झाले ते थोरल्याने स्वतःच टॅबवर सांगितले. मी तिथे बसलो होतो. बस पोचली तेव्हा तो ऑफिसात होता. त्याने डबा आणायला अॅपवरून माणूस पाठवला. तो सोसायटीच्या फाटकाशी पोचला आणि फोनवर प्रश्न आला, आत सोडायचे की फाटकावर ठेवायचे. घरी कुणी नव्हते. त्याने फाटकावर ठेवायचे बटण दाबले. त्यांच्या कंपनीचे मोठे काम त्या दिवशी सुरू व्हायचे होते, तो दुसऱ्या दिवशी परतला. रोट खायला येणारा धाकटाही तोवर आला नाही. पोळ्या आंबतील म्हणून त्याने ऑफिसातूनच फाटकावर कळवले.

"वाया नाही गेलं, आई," तो म्हणाला. "सिक्युरिटीवाल्यांना खायला सांगितलं. फार आवडीनं खाल्लं त्यांनी. पार मराठवाड्यातून आलेत बिचारे, घरचं कुठं मिळतंय त्यांना."

वहिनी म्हणाल्या, "बरं." मग त्यांनी नातू जेवला का, ते विचारले.

थोरल्याचे वागणे कोणत्याही मापाने चुकीचे नव्हते. अन्न टाकून न देता त्याने ते बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसांना दिले. असे मूल वाढवल्याबद्दल एरवी वहिनींनी देवाला नारळ फोडला असता. त्याच्या लक्षात एवढेच आले नाही की डब्यात तो स्वतः, त्याचा भाऊ आणि त्याचा मुलगा होते. लहानपणी त्याला हे सगळे ठाऊक होते. शेजारच्या मुलाला बिस्किटे नेऊन द्यायचे काम त्याचेच असे.

टॅब बंद झाल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "भाऊ, त्यासनी खाधं ते चांगलंच व्हयनं. भुक्या पोटमा गयं. पण आते काय करतस?"

घरात त्या अहिराणीत बोलतात. त्यांनी खाल्ले ते चांगलेच झाले, पण आता काय करायचे असते, असे त्या विचारत होत्या. आमच्या घरात याचे उत्तर असणारे कुणी उरले नव्हते. त्यांचे माहेर भडगावकडचे आहे. तिथे त्यांची एक म्हातारी अक्का आहे, थोरली चुलत बहीण. वहिनी तिच्याकडे गेल्या, सोबत मी होतो. अक्काला ऐकू कमी येते. सिक्युरिटी, अॅप, फाटक हे तिला समजावता समजावता वेळ गेला. ती म्हणाली, परक्याने रोट खाल्ल्याचे मी ऐकले नाही, त्यामुळे त्यावर काय करतात तेही मला माहीत नाही. मग थोडे थांबून म्हणाली, येत्या साली पोरांना घरात बसवून खाऊ घाल म्हणजे झाले. आणि नाही आले तर, असे वहिनींनी विचारले. अक्काने डब्यातून हात रिकामाच वर काढल्यासारखे केले.

परतीच्या बसमध्ये गिरणेचा पूल आला. वहिनी म्हणाल्या, "माणूस जित्ता शे तवर मूठ कशी काढतीन?" मी म्हणालो, नाही काढणार, मुले येतील. मला तसे खरोखर वाटत होते.

त्यांनी वर्षभर मुलांना कारण सांगितले नाही. एवढेच म्हणत राहिल्या की या वर्षी कानबाईला यायचेच. आबांनी एकदा सुचवले की स्पष्ट सांग, त्यांना कळेल. वहिनी नाही म्हणाल्या. सांगून आलेला माणूस घरचा झाला काय आणि पाहुणा झाला काय, असे त्यांचे म्हणणे.  मी मुलांना परस्पर कळवले नाही. पुतण्यांशी माझे बोलणे वाढदिवसाच्या शुभेच्छांपुरते उरले आहे, मी सांगितले असते तरी त्यांनी त्याला फोनवरचे अंगठ्याचे एखादे चित्र लावून सोडले असते.

यंदा दोघांनी होकार दिला. थोरल्याने स्लीपरची तिकिटे काढून त्यांचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. वहिनींनी गाद्या उन्हात घातल्या. गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, आणून ठेवले. थोरल्याने पूर्वी पाठवलेली घरघंटी, म्हणजे घरातली पिठाची गिरणी, आतून पुसून धूप दाखवून ठेवली. मी शुक्रवारीच पोचलो. या वेळी बेल वाजवल्यावर डबीतून कुणी बोलले नाही, वहिनींनीच दार उघडले. त्यांना ते शुभ वाटले असावे.

शुक्रवारी संध्याकाळी फोन आला. धाकट्याच्या कामाची तारीख पुढे सरकून नेमकी रविवारवर आली होती. थोरल्याच्या मुलाची कसलीतरी स्पर्धा होती, कॉम्प्युटरवरच, पण घरून द्यायची आणि आईबापांपैकी एकाने समोर बसायचे. थोरल्याची बायको परगावी होती. तो एकटा येऊन सकाळी परत जाऊ का, असे म्हणत होता. मग त्यानेच हिशेब करून पाहिला आणि जमत नाही म्हणाला. त्याने बरेच काही आधीच करून ठेवले होते. फुले, पत्री, नारळ शनिवारी दुपारपर्यंत दारात येणार होते. आरतीसाठी टॅबऐवजी मोठ्या टीव्हीवर सगळे दिसतील, अशी सोय त्याने लावली होती. त्याचा आवाज थकलेला होता. ऑफिसात काय चालले आहे ते तो सांगत नसे, पण तिकडेही काही बरे नसावे.

शनिवारी फुले वेळेवर आली. वहिनींनी आंघोळ करून गव्हाचा डबा पुढे घेतला. आबा खुर्चीत, मी ओट्याला टेकून. टॅब चालू होता, थोरला पलीकडे जेवत होता.

वहिनींनी आबांचे नाव घेऊन सव्वा मूठ परातीत टाकली. मग माझी. मग त्यांचा हात डब्यात गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. गव्हात बोटे हलत असल्याचा आवाज येत होता. आबा खिडकीकडे पाहू लागले. वहिनींनी हात बाहेर काढला, तो रिकामा होता. त्यांनी तो पदराला पुसला आणि डब्याचे झाकण लावले.

मला वडिलांचे वर्ष आठवले. तेव्हा निदान कारण सर्वांना माहीत होते.

टॅबमधून थोरला म्हणाला, "दोनच घेतल्या ना, आई? बरं केलंस. मी दर वर्षी सांगतोच, कमी कर. आबांची साखर कशाला वाढवायची."

वहिनींनी मान हलवली. "हो, बाळा," त्या म्हणाल्या. "जेव तू."

रविवारी आरती टीव्हीवर झाली. चित्र स्वच्छ होते, आवाजही. नातवाने स्पर्धेतून उठून हात जोडले. सोमवारी मी आणि आबा वहिनींबरोबर पांझरेवर जाऊन आलो. कॉलनीतून निघताना नानांनी फाटकातून विचारले, मुले नाही का आली. आबा म्हणाले, काम आहे. नानांकडे तर कानबाई बसतच नाही आता.

घरी परतून जेवायला बसलो. दोन माणसांचे पीठ तिघांना ते कितीसे पुरणार. पौर्णिमेला अजून बरेच दिवस होते आणि रोट त्याच दुपारी संपले. आबांनी ताट पुसून खाल्ले. वहिनींनी परात धुऊन पालथी घातली. घड्याळाने त्या दिवशी पुण्याला काहीच कळवले नसावे, कारण थोरल्याचा फोन आला नाही.