वरच्या खोलीतली समाजशास्त्रवाली

“तसंच असतंय म्हनू नका, काकू. का असतंय, ते सांगा.”

हे म्हणायच्या आधी ती मोबाईलवरचा व्हिडिओ अंगठ्याने थांबवायची आणि माझं उत्तर येईपर्यंत पुढे सरकू द्यायची नाही. माझे हात पिठात, तव्यावर भाकरी. तिला त्याचं काही नाही.

लातुरात क्लासेसच्या भागातून तुम्ही संध्याकाळी गेला असाल, तर अशा मुली पाहिल्या असतील. पाठीवर जड सॅक, चालता चालता ओठांत रसायनशास्त्राची सूत्रं. अशाच मुलींना मी घराच्या वरच्या खोल्या भाड्याने देते आणि दोन वेळचं जेवू घालते. ही चाकूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. अकरावीला आली ती डॉक्टर व्हायला. म्हणजे वडिलांनी तिला डॉक्टर व्हायला आणून सोडलं. जाताना त्यांनी तिचा मोबाईल माझ्या हातात दिला.

“ताई, सांजच्याला एक तास द्या. बाकी तुमच्याजवळच ठिवा. पोरगी हुशार हाय, पन तिला नाद लई.”

नाद कसला, ते लवकरच कळलं. बाकीच्या मुली तो तास गच्चीवर गाणी ऐकण्यात घालवायच्या. ही माझ्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर बसून इंग्रजी भाषणं ऐकायची. दूरच्या कुठल्याशा विद्यापीठाचा समाजशास्त्राचा अभ्यासक्रम, कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा, ऑनलाइन आणि फुकट. दर आठवड्याला एक धडा, त्यावर प्रश्न. कुणाला न विचारता हिने नाव घातलं होतं.

“डॉक्टरला हे लागतंय का गं?” मी विचारलं.

“न्हाई लागत. मला लागतंय.”

इंग्रजी तिला जड जायचं. एकेक वाक्य ती पुन्हा पुन्हा ऐकायची, कपाळाला आठ्या घालून. कळलं की लगेच मला मराठीत सांगायची. दुसऱ्याला सांगता आलं तरच आपल्याला आलं, असं तिचं म्हणणं. अशा रीतीने कुटुंब, लग्न, जात, शाळा हे सगळं मी भाकऱ्या थापता थापता शिकले.

एकदा तिने व्हिडिओ थांबवला. “काकू, खोली द्यायच्या आधी तुम्ही माझं आडनाव का विचारलं?”

“सगळेच विचारतेत.”

“पन का?”

“नोंद ठेवाया लागती.”

“नाव तर मी सांगितलं होतं. तरी तुम्ही ‘पूर्ण सांग’ म्हनलात.”

माझी भाकरी करपली. तिने उठून ती तव्यावरून काढली, स्वतःच्या ताटात घेतली आणि धडा पुढे सुरू केला. तिच्या प्रश्नांनी राग यायचा, पण तो टिकायचा नाही.

दिवाळीनंतर क्लासच्या चाचणीत तिचे गुण घसरले. क्लासमधून घरी फोन गेला आणि दुसऱ्या दिवशी वडील स्वयंपाकघराच्या दारात उभे.

“मोबाईल कुठाय, ताई? मी घेऊन जातो.”

ती मध्ये आली. आवाज जराही चढला नाही. “अण्णा, पुढच्या चाचणीत गुण वर आले न्हाईत तर खुशाल न्या. आले तर मला हे पुरं करू द्यायचं.”

“हे शिकून काय व्हनार हाईस?”

“तेच शिकायलेय अजून.”

मला हसू आलं. त्यांना आलं नाही, पण मोबाईल न घेता गेले. मग तिने भौतिकशास्त्राशी जणू भांडणच काढलं. पुढच्या चाचणीत गुण वर आले, आणि समाजशास्त्राचा एक धडाही चुकला नाही.

अभ्यासक्रमाचं शेवटचं काम होतं ते आपल्या भागातल्या एखाद्या गावात काय बदललं, हे लोकांना विचारून लिहिण्याचं. माझं माहेर भूकंपात पडलेल्या गावांपैकी, हे तिला ठाऊक होतं.

“मला घेऊन चला.”

“काय हाय तिथं बघायला?” मी टाळत राहिले. एका रविवारी ती चपला घालूनच स्वयंपाकघराच्या दारात आली. मग निघावंच लागलं.

नवं गाव म्हणजे सरळ रस्ते आणि एकसारखी घरं. समाजमंदिरापुढे बायका बसल्या होत्या. तिने त्यांना एवढंच विचारलं, “जुन्या गावात तुमच्या शेजारी कोन राहत होतं?”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि सगळ्या एकदमच बोलू लागल्या. कुणाची भिंत कुणाला लागून होती, कुणाचं कालवण भिंतीवरून कुणाकडे जायचं. नवी घरं ज्याची जेवढी शेती त्या हिशोबाने वाटली गेली, आणि शेजारणी गावाच्या दोन टोकांना गेल्या. एक म्हातारी म्हणाली, “घर मोठं भेटलं, बाई. पन हाक मारली तर कुनाला ऐकू जात न्हाई.”

नंतर आम्ही जुन्या गावठाणात गेलो. वेड्या बाभळी माजलेल्या, मध्ये दगडांचे ढीग. विहिरीवरून मी जागा ओळखली. माझं लग्न भूकंपाच्या आदल्या वर्षी झालेलं, म्हणून मी लातुरात होते, वाचले.

“इथं आमचं घर. आई होती, आन धाकटी बहीण.”

इतकी वर्षं लोक मला विचारत आले होते, घरचे किती गेले? मी दोन म्हणायचे. ते चुकचुकायचे, मग दुसरं बोलणं निघायचं.

ती म्हणाली, “बहिणीचं नाव काय होतं?”

“छबू.”

कितीतरी वर्षांनी ते नाव माझ्या तोंडून बाहेर पडलं.

“कशी होती?”

मी दगडावर बसले आणि सांगत सुटले. छबू शाळेतल्या बाईंच्या नकला करायची. पंचमीला मी माहेरी आले, तेव्हा परत जाऊ नये म्हणून तिने माझी एक चप्पल कडब्यात लपवली होती. शेवटी त्या पोरीने स्वतःच्या ओढणीने माझं तोंड पुसलं.

“हे मी लिहिनार न्हाई, काकू. हे तुमचं हाय.”

अभ्यासक्रम पुरा झाला, प्रमाणपत्र आलं. बारावीनंतर डॉक्टरकीची प्रवेश परीक्षाही तिने जीव ओतून दिली. गुण बरे पडले, पण सरकारी कॉलेजला पुरणारे नव्हते. अजून एक वर्ष क्लास लावू, असं वडिलांच्या मनात होतं.

“अण्णा, तुम्ही म्हनलात तसं मी केलं, खोटं केलं न्हाई. आता मी म्हनते तसं करू द्या.”

ते माझ्याकडे वळले. “ताई, तुम्ही तरी सांगा.”

“भाऊ,” मी म्हणाले, “तिला नांदेडला पाठवा. समाजशास्त्राला.”

नांदेडच्या एसटीत वडिलांनीच तिची पेटी चढवली. दोन दिवस ते तिच्याशी धड बोलले नव्हते. आता खिडकीखाली उभे राहून नुसतंच “जपून जा, जपून जा” म्हणत होते. गाडी सुरू झाली. आम्ही दोघांनी हात वर केले.

पण ती तोवर शेजारच्या तान्ह्या बाळाच्या आईकडे वळली होती. काहीतरी विचारलं. ती बाई आधी गोंधळली, मग हसली, आणि हातवारे करून सांगू लागली.

“बघा,” वडील म्हणाले, “लागली इचारायला.”

गाडी फाटकातून वळून दिसेनाशी झाली, तरी त्यांचा हात वरच होता.