यादीत नसलेलं फंक्शन

वाडीत नारळ पडल्याचा आवाज आला, की तो पडला की कुणी पाडला हे बघायला मी लॅपटॉप सोडून उठते. दिवेआगरला घरी बसून मी जी शेअर्ड लायब्ररी सांभाळते, तिच्याबाबतीतही माझा स्वभाव तोच.

ही लायब्ररी म्हणजे वजनकाट्याशी बोलणारा कोड. अनेकांचे प्रोग्राम त्यावर चालतात. पूर्वी तिच्यातली सगळी फंक्शन्स, म्हणजे एकेक काम करणारे कोडचे तुकडे, बाहेरून वापरता यायची. कोण कुठे हात घालेल याचा भरवसा नाही, म्हणून यंदा मी यादी केली: एवढीच नावं बाहेर दिसतील, बाकीची आत. नव्या काट्यासाठी ती आवृत्ती पाठवली आणि मुरुडच्या एका मच्छीमार सोसायटीतला प्रोग्राम सुरूच होईना.

तो प्रोग्राम माझ्या गणिताच्या सरांचा. निवृत्तीनंतर शिकून लिहिलेला, एकुलता एक. मूळ कोड वादळात भिजलेल्या कॉम्प्युटरबरोबर गेला. उरला होता तो फक्त तयार प्रोग्राम, त्यामुळे त्यात बदल करायची सोय नव्हती.

सरांनी फोनवर स्क्रीनवरचा चूक दाखवणारा संदेश वाचून दाखवला. त्यातलं फंक्शन यादीबाहेरचं, आतलं होतं.

"सर, हे वापरायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"अगं, तूच."

"मी? शक्यच नाही. तुमचा काहीतरी घोळ होतोय."

सरांनी वाद न घालता फोन ठेवला. मला आधी सोसायटीच्या सेक्रेटरीचा संशय आला, त्याला म्हणे कंपनीचा प्रोग्राम हवा होता. मग वाटलं, सरांनीच काहीतरी उचकटलं असणार. कोण खोटं बोलतंय ते बघायला मी दिघीहून फेरीबोटीने खाडीपलीकडे गेले आणि मुरुड गाठलं.

सेक्रेटरी दारातच म्हणाला, "सरांना आता जमत न्हाय. तेच बोलले, माझा प्रोग्राम काढून टाका."

सर कोपऱ्यात बसले होते. "माझंच चुकलं असेल गं," ते म्हणाले. "हल्ली डोक्यात काही राहत नाही. तू सांगितल्याचं मला स्पष्ट आठवतंय, आणि तू तर नाही म्हणतेस."

प्रोग्राम बंद होता, तरी मासळी आणणाऱ्या बाया सवयीने आधी रिकामी ओली टोपली काट्यावर ठेवत, जरा थांबत आणि मग तिच्यात मासळी ओतत. दर खेपेला हेच, कारण टोपली पाणी पिते आणि तिचं वजन बदलत जातं.

ते बघताना मला आठवलं. काही वर्षांपूर्वी सरांनी फोनवर हेच विचारलं होतं. मी बाहेरच्यांसाठी लिहिलेलं फंक्शन काटा फक्त सुरुवातीला शून्यावर आणायचं. त्यांना दर वेळी रिकामी टोपली ठेवल्यावर तो शून्यावर यायला हवा होता. "आत एक आहे सर, तेच बिनधास्त वापरा," असं मीच म्हणाले होते. वर हसलेही होते.

तिथेच लॅपटॉप उघडून मी ते नाव यादीत घातलं आणि लायब्ररी सोसायटीच्या कॉम्प्युटरवर पुन्हा बसवली. मी हातही न लावता सरांचा प्रोग्राम सुरू झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"सर, मीच सांगितलं होतं तुम्हाला. मी विसरले."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे मला आठवत होतं ते बरोबर होतं?"

"हो, सर."

आता माझा फोन आला, की सर आधी म्हणतात, "थांब, वही घेतो." मग मी बोलते तो शब्द न् शब्द तारखेसकट लिहून घेतात आणि मलाच पुन्हा वाचून दाखवतात.