दातांत धरलेला पेचकस

वडिलांचा, अण्णांचा फोन आला तेव्हा मी जळगावला कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये होते. हात ग्रीसने माखलेले, म्हणून मैत्रिणीने फोन माझ्या कानाला लावला. अण्णा एवढंच म्हणाले, "नाना गेले, पोरी. सकाळी चहा घेतला, अन् बसल्या जागी…" या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. असं लिखाण मी कधी केलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मीच पहिली, त्यामुळे कुठे चुकलं तर दाखवायलाही कोणी नाही. पण नानांबद्दल एकदा मी नको तिथे बोलून बसले आहे. निदान एकदा तरी नीट सांगावं, असं वाटतं.

सावद्याला आमच्या गल्लीच्या टोकाला नाना मिस्त्रींची पत्र्याची शेड. केळीच्या दोन ओळींमध्ये मोठा ट्रॅक्टर शिरत नाही, म्हणून आमच्या भागात काही जुन्या बागायतदारांकडे एका सिलिंडरचे छोटे ट्रॅक्टर आहेत, हँडल मारून सुरू करायचे. ते बनवणाऱ्या कंपन्या कधीच बंद पडल्या, सुटे भाग कुठेच मिळत नाहीत. असे ट्रॅक्टर नाना जिवंत ठेवायचे. पॅकिंग हवं असेल तर केळीच्या खोक्याचा पुठ्ठा कापायचे, दांड्याभोवतीचा धातूचा बुश हवा असेल तर स्वतः लेथवर उभे राहून कातायचे. आमचा ट्रॅक्टर मी जन्मायच्या आधीपासून त्यांच्याच हातावर चालत होता.

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत तो खडखडायला लागला, म्हणून मी अण्णांबरोबर शेडमध्ये गेले. नानांनी लाकडी मुठीचा हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, काढला. मिस्त्री लोक मूठ कानाला लावून इंजिन ऐकतात, हे मला ठाऊक होतं. नानांनी टोक चालू इंजिनला टेकवलं आणि मूठ दातांत धरली. डोळे मिटले. दोन मिनिटं ते तसेच ओणवे उभे… मग म्हणाले, "वाल्व्हचं काही नाही. खाली, रॉडचं बेअरिंग गेलं." इंजिन उघडलं, तर बेअरिंग झिजून कागदासारखं झालेलं. मी त्यांच्या पाठीमागून विचारलं, "नाना, कसं कळलं?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं. गल्लीतले लोक म्हणायचे, नाना माजोरडे आहेत, हाकेला ओ देत नाहीत. नाना माजोरडे नव्हते, त्यांना ऐकूच येत नव्हतं.

मी समोर जाऊन उभी राहिले, तर माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं. अण्णा ट्रॅक्टरपाशी होते, त्यांना कळू नये म्हणून हळूच म्हणाले, "कोनाले सांगू नको. इंजिनवाला बहिरा निघाला, तर कोन येईन माह्याकडे?" मी मान डोलावली.

पुढच्या वर्षी कॉलेजात आपल्या गावच्या एका कारागिरावर बोलायला सांगितलं होतं. वर्गात मी कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी नानांवर बोलायला लागले आणि थांबलेच नाही. बहिरेपण, पेचकस, दात, सगळं अभिमानाने सांगितलं. कोणीतरी मोबाइलवर चित्रण केलं. आठवड्याच्या आत ते सावद्यातल्या फोनांवर फिरत होतं. लोक कौतुक करत होते आणि ट्रॅक्टर मात्र दुसरीकडे नेत होते. मी गावी गेले तेव्हा शेड झाडून स्वच्छ केलेली होती. तिथे जमीन एवढी स्वच्छ मी कधी पाहिली नव्हती. नानांसमोर उभं राहून मी सावकाश म्हणाले, "नाना, माझं चुकलं." ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लय छान बोलली म्हने तू. मले तर काही ऐकू आलं नाही. पन तोंड उघडलं तुनं, ते पाह्यलं." आणि हसले. मला हसता आलं नाही.

मी गावातच होते तेव्हा शिंदखेड्याचे एक शेतकरी टेम्पोत ट्रॅक्टर घालून आले. बोटं नाचवत, मोठमोठ्याने अहिराणीत म्हणाले, "बठ्ठं आयकीसन उनू मी, नाना. माले इंजिन चालाले जोयजे, गप्पा माराले नई." सगळं ऐकूनच ते आले होते, त्यांना इंजिन चालायला हवं होतं, गप्पा नकोत. नानांना ते कितपत कळलं कोण जाणे, पण त्यांनी हँडल उचललं. इंजिन सुरू झाल्यावर पेचकस दातांत धरला, थोड्या वेळाने काढला, मूठ सदऱ्याला पुसली आणि माझ्यापुढे केली. मी ती कानाला लावली. नुसता गोंगाट. "दात," नाना म्हणाले. मी मूठ दातांत धरली… आणि इंजिन माझ्या डोक्यात आलं. बाहेरचा आवाज जणू गळून पडला. पिस्टनचा ठोका वेगळा, गिअरची घरघर वेगळी, आणि त्यांच्या वर कुठेतरी, एक सोडून एक फेऱ्याला, वाटीवर नख वाजावं तशी बारीक टिकटिक. एवढं सगळं या माणसाला रोज ऐकू येत होतं आणि आम्ही त्याला बहिरा म्हणत होतो. "कुठी?" त्यांनी विचारलं. मी वरच्या झाकणाकडे बोट केलं. झाकण खोलायचा पाना त्यांनी माझ्या हातात दिला.

त्यानंतर शेड पुन्हा भरली, असं मी म्हणू शकत नाही. शिंदखेड्याचे ते काका दोनदा आले, आमचा ट्रॅक्टर होताच. बाकीचे आले नाहीत. हे माझ्यामुळे झालं, आणि नानांनी ते मला कधी बोलून दाखवलं नाही.

दहाव्याला गेले तेव्हा त्यांच्या सुनेने, वहिनींनी, पेचकस माझ्या हातात ठेवला. "आमच्यात कोनाले वापरता येत नाही," म्हणाल्या. मुठीवर नानांच्या दातांचे दोन खोल खळगे आहेत. परवा रविवारी गावी जाऊन मी आमचा ट्रॅक्टर सुरू केला, टोक टेकवलं आणि मूठ दातांत धरली. माझे दात त्या खळग्यांत बसत नाहीत, थोडे बाजूला पडतात. इंजिन साफ चालत होतं, शोधण्यासारखं काहीच नव्हतं. तरी मी डोळे मिटून ओणवी उभी राहिले…

अण्णा मागून बराच वेळ हाका मारत होते म्हणे. मला ऐकू आल्या नाहीत.