दारूच्या दुकानाचा उंबरा

माझा नवरा माधवनगरच्या गिरणीत मागावर होता. दारूनं त्याचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. सांगलीच्या डॉक्टरांनी मला बजावलं, पुन्हा प्यायला तर वाचणार नाही. दुकान ओढ्यापलीकडं लांब होतं, म्हणून तो कसाबसा थांबला होता. अशात दुकानाच्या मक्तेदारानं ते गिरणीच्या फाटकासमोर आणायचा अर्ज केला.

अबकारीचा साहेब चौकशीला आला तो मक्तेदाराच्याच मोटारीतून. जेवलाही त्याच्याकडं. मग आमच्या चाळीपुढं सगळ्यांना गोळा करून सभा घेतली. मक्तेदार म्हणाला, जवळ सरकारमान्य दुकान असलं की लोक हातभट्टीचं विष पिणार नाहीत, हे कामगारांच्या तब्येतीसाठीच आहे. साहेब मान डोलवत होता. मी चौथी शिकलेली, पण एवढं कळत होतं की तब्येतीची काळजी असलेला माणूस पगाराच्या वाटेवर दारू मांडत नाही. मी उठून तसं बोलले.

"बाई, खाली बसा. पुरुषांना विचारलंय," साहेब म्हणाला.

पुरुषांना मक्तेदारानं आदल्या दिवशीच फुकट पाजली होती. परवाना मिळाला.

दुकान उघडायला त्यानं पगाराचाच दिवस धरला. माझी सासू म्हणाली, "साहेबापुढं बोलून काय हुतंय? चल."

आमच्याकडं आडव्या पडलेल्या म्हातारीला कुणी ओलांडत नाही, पिणारासुद्धा. चाळीतल्या सगळ्या सासवा दुकानाच्या उंबऱ्यात आडव्या झाल्या. आम्ही सुना मागं उभ्या राहिलो.

मक्तेदार धावत आला. "आवं मावशी, परवाना हाय माझ्याकडं!"

"मग भित्तीला लाव की. भित्त कुटं आडवलीया आमी?" सासू म्हणाली.

गिरणी सुटली. माणसं येऊन लांबच घुटमळली. माझा नवरा मात्र थेट उंबऱ्यापाशी आला.

"आये, ऊट की. लोक हसत्यात."

"हसू देत. लय तहान लागलीया न्हवं? टाक पाय माझ्यावरनं."

त्याचा पाय उचलेना. मग माझ्यावर डाफरला, "भाकरी केलीस का?"

"न्हाई. आमी समद्या हितंच हाय. तुमी जाऊन चूल पेटवा."

माणसं खदाखदा हसली. तो शिव्या देत घराकडं गेला. चूल काही पेटवली नाही, पण प्यायलाही नाही.

दुसऱ्या दिवशीही आम्ही गेलो, तिसऱ्याही. सासवा आळीपाळीनं पडायच्या, आम्ही तिथंच भाकऱ्या पोचवायचो. शेवटी मक्तेदारानं दुकान परत ओढ्यापलीकडं नेलं. साहेबानं म्हणे लिहिलं, लोकांच्या सोयीसाठी हलवलं. लिहू दे.

नवरा पुढं म्हातारा होऊन गेला. दारूनं नाही.